खाण सुरक्षा आदेशांवरील अपील व हरकत

खाणीतील धोक्यासंबंधी सरकारी निरीक्षकाने बजावलेल्या सूचनेविरुद्ध किंवा आदेशाविरुद्ध खाणमालक, अभिकर्ता अथवा व्यवस्थापक यांना विहित मुदतीत दाद मागता यावी, यासाठी भारतीय कायद्याने घालून दिलेल्या कार्यपद्धतीस खाण सुरक्षा आदेशांवरील अपील व हरकत असे म्हणता येते. या कार्यपद्धतीचा मुख्य भाग खाण अधिनियम, १९५२ च्या कलम २२ मध्ये होता. दिनांक २१ नोव्हेंबर २०२५ पासून या अधिनियमाची जागा ‘व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता, २०२०’ हिने घेतली. कोळशाच्या खोल खाणींप्रमाणेच मुंबई उपनगरांतील दगडखाणींसारख्या उघड्या खाणींनाही १९५२ चा अधिनियम लागू होत असे.

पार्श्वभूमी

मुंबईच्या उपनगरांत दगड काढण्याचा व्यवसाय जुना आहे. मालाडचा पिवळसर दगड आणि कुर्ल्याचा करडा बेसाल्ट हे दोन्ही दगड प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या (आताचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) बांधकामात वापरले गेले. अंधेरीतील गिल्बर्ट हिल हा बेसाल्टचा सुमारे ६० मीटर उंचीचा सुळका असून त्याच्या आसपासचा बराचसा खडक खाणकामात नाहीसा झाला. पुढे रस्ते आणि इमारती यांसाठी खडीची मागणी वाढली, तशा कांदिवली, चांदिवली इत्यादी भागांतही दगडखाणी चालल्या.

दगड हे गौण खनिज असल्याने त्याच्या उत्खननाची परवानगी व स्वामित्वधन हे विषय राज्य शासनाकडे येतात. खाणीतील माणसांची सुरक्षितता हा विषय मात्र केंद्र सरकारचा आहे. त्याची अंमलबजावणी धनबाद येथे मुख्यालय असलेले खाण सुरक्षा महासंचालनालय करते. १९५२ च्या अधिनियमात ‘मुख्य निरीक्षक’ असा उल्लेख असलेला अधिकारी म्हणजेच या महासंचालनालयाचा प्रमुख होय.

अधिनियमाची व्याप्ती

बांधकामाचा दगड, मुरूम, खडी, वाळू इत्यादींच्या लहान खाणींना कलम ३ अन्वये अधिनियमाच्या बहुतेक तरतुदींतून सूट होती. उघड्या खाणीला ही सूट मिळण्यासाठी तीन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागत:

१. खोदकामाची खोली सर्वोच्च बिंदूपासून सर्वांत खालच्या बिंदूपर्यंत कोठेही ६ मीटरपेक्षा अधिक नसावी.
२. कोणत्याही एका दिवशी ५० पेक्षा अधिक माणसे कामावर नसावीत.
३. खोदकामासाठी स्फोटके वापरली जाऊ नयेत.

कठीण बेसाल्ट सुरुंगाविना फोडणे अवघड असते. त्यामुळे सुरुंग लावून चालणारी दगडखाण, ती कितीही लहान असली तरी, अधिनियमाच्या पूर्ण कक्षेत येत असे.

सूचना व आदेशांचे प्रकार

कायद्यात स्पष्ट तरतूद नसलेली, परंतु जीवितास किंवा सुरक्षिततेस धोकादायक अशी एखादी बाब आढळल्यास, ती ठरावीक वेळेत दूर करण्याची लेखी सूचना कलम २२(१) खाली देता येत असे. सूचनेचे पालन न झाल्यास कामगारांना कामावर ठेवण्यास मनाई करणारा आदेश निघे. धोका तातडीचा असल्यास आधी सूचना न देताही, कारणे नमूद करून, कलम २२(३) खाली असा मनाई आदेश काढता येत असे. ज्या बाबींसाठी कायद्यात वा विनियमांत स्पष्ट तरतूद आहे, त्यांच्या उल्लंघनाकरिता कलम २२-अ होते. उदाहरणार्थ, मुरूम किंवा मातीच्या थरात खाणीची बाजू ४५ अंशांपेक्षा अधिक उभी नसावी किंवा १.५ मीटरपेक्षा अधिक उंची नसलेल्या पायऱ्या पाडाव्यात, असे धातुयुक्त खाण विनियम, १९६१ सांगतात.

दाद मागण्याची मुदत

दाद मागण्याचे दोन टप्पे होते. निरीक्षकाने काढलेल्या मनाई आदेशाविरुद्ध, आदेश हाती पडल्यापासून १० दिवसांत मुख्य निरीक्षकाकडे अपील करता येत असे. मुख्य निरीक्षक आदेश कायम ठेवू, बदलू किंवा रद्द करू शकत असे. मुख्य निरीक्षकाची सूचना, त्याचा आदेश किंवा अपिलातील त्याचा निर्णय मान्य नसल्यास, २० दिवसांत केंद्र सरकारकडे कारणांसह लेखी हरकत पाठवावी लागे. सरकारने ती सर्वसाधारणपणे दोन महिन्यांच्या आत कलम १२ खालील समितीकडे सोपवावी, अशी तरतूद होती. या समितीत खाणकामगार आणि खाणमालक या दोघांचेही प्रतिनिधी असत.

मुदतीची गणना सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ नुसार होते. आदेश मिळाल्याचा दिवस वगळला जातो आणि शेवटच्या दिवशी कार्यालय बंद असल्यास ते उघडण्याचा पुढचा दिवस ग्राह्य धरला जातो. म्हणजे ३ तारखेला मिळालेल्या आदेशावर दहा दिवसांची मुदत १३ तारखेला संपते. आदेशावरील तारीख आणि तो प्रत्यक्ष मिळाल्याची तारीख यांत अंतर पडू शकते. त्यामुळे पोचपावती महत्त्वाची ठरते.

आदेशाचे पालन व कामगारांचे वेतन

हरकत घेतल्याने आदेश आपोआप स्थगित होत नसे. समितीचा निर्णय खाणीवर पोहोचेपर्यंत त्याचे पालन करणे बंधनकारक होते. केवळ कलम २२(१) खालील सूचनेला समिती अर्जावरून तात्पुरती स्थगिती देऊ शकत असे. कडा कोसळण्याचा धोका कागदोपत्री वाद चालू असतानाही तसाच राहतो, हे या तरतुदीमागील तत्त्व आहे.

काम बंद झाल्याचा भार मजुरांवर पडू नये, अशीही व्यवस्था होती. कलम २२(४) अन्वये मनाईच्या काळातील पूर्ण वेतन मालकाने द्यावे किंवा त्याच वेतनावर पर्यायी काम द्यावे लागे. ही तरतूद नसती, तर रोजंदारी बुडण्याच्या भीतीने मजुरांनीच धोकादायक कड्याखाली काम सुरू ठेवण्याचा आग्रह धरला असता.

खटला व शिक्षा

१९५२ च्या अधिनियमाखाली निरीक्षकाला स्वतः दंड आकारता येत नसे. दंड अथवा कारावासाची शिक्षा न्यायालयच देई. मनाई आदेश मोडून खाण चालवल्यास कलम ७२-ब अन्वये दोन वर्षांपर्यंत कारावास आणि ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकत असे. उल्लंघनामुळे जीवितहानी झाल्यास कलम ७२-क खाली दोन वर्षांपर्यंत कारावास, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होत्या.

मुदतीचे बंधन सरकारी यंत्रणेवरही होते. गुन्हा घडल्यापासून किंवा तो निरीक्षकाला कळल्यापासून सहा महिन्यांत तक्रार दाखल न झाल्यास कलम ७९ मुळे न्यायालयाला सर्वसाधारणपणे तिची दखल घेता येत नसे. गुन्हा टाळण्यासाठी मालकाने वा व्यवस्थापकाने पुरेशी दक्षता घेतली नव्हती, याची खात्री अधिकाऱ्याने खटल्यापूर्वी करून घेणे कलम ७५ नुसार आवश्यक होते. प्रकरण समितीकडे जाणे योग्य आहे असे न्यायालयाला वाटल्यास कलम ८१ खाली ते खटला थांबवून केंद्र सरकारला तसे कळवू शकत असे. दंडाधिकाऱ्याने दिलेल्या शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात अपील करण्याची मुदत ३० दिवसांची आहे.

महसुली दंडाशी फरक

मुंबई उपनगर जिल्ह्यात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे तीन तालुके असून घाटकोपर व मुलुंड कुर्ला तालुक्यात येतात. विनापरवाना उत्खननाबद्दल तहसीलदार जो दंड करतात, त्याचा खाण सुरक्षेशी संबंध नसतो. तो महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८(७) खाली, खनिजाच्या बाजारभावाच्या पाच पटींपर्यंत असतो. त्यावरील अपील उपविभागीय अधिकाऱ्याकडे ६० दिवसांत करावे लागते आणि आदेशाची नक्कल मिळवण्यात गेलेला काळ त्यातून वगळला जातो. एकाच खाणीवर दोन्ही प्रकारची कारवाई होऊ शकते. १९५२ च्या अधिनियमाच्या काळात अशा वेळी महसुली अपिलाची ६० दिवसांची मुदत सुरक्षा आदेशाला लागू आहे असे समजणाऱ्याचा १० दिवसांचा हक्क बुडत असे.

२०२० ची संहिता

नव्या संहितेत दंडाच्या रकमा मोठ्या प्रमाणात वाढल्या आहेत. कर्तव्यात कसूर झाल्याने मृत्यू ओढवल्यास किमान ५ लाख रुपये दंड, दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. या दंडाच्या किमान निम्मी रक्कम मृताच्या वारसांना भरपाई म्हणून देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. काही उल्लंघनांबाबत चौकशी करून दंड ठरवण्याचा अधिकार शासनाच्या अधिकाऱ्यांना देण्यात आला आहे, तर काही अपराध रक्कम भरून तडजोडीने मिटवण्याचीही सोय आहे.

हेही पहा

* खाण सुरक्षा महासंचालनालय
* गौण खनिज
* गिल्बर्ट हिल
* मुंबई उपनगर जिल्हा