मूळ संख्यांच्या मुलखात – भाग ९ : ऑयलरने न केलेले भागाकार

गेल्या आठवड्यात आपण २०४७ पाशी थांबलो होतो. २चा ११वा घात उणे १. घातांक मूळ, तरी संख्या फुटते : २३ गुणिले ८९. आज घातांक ३१ घेऊ. संख्या येते २१४७४८३६४७, म्हणजे दोन अब्ज चौदा कोटींच्याही वर. ही मूळ आहे असं मर्सेन या फ्रेंच पाद्र्याने १६४४ मध्ये लिहून टाकलं, पण सिद्धता दिली नाही. त्याच्या त्याच यादीत ६७ हा घातांकही होता आणि तो पुढे चुकीचा निघाला. तेव्हा नुसत्या शब्दावर विसंबण्यात अर्थ नव्हता.

सिद्धता १७७२ मध्ये ऑयलरने दिली. तो सेंट पीटर्सबर्गला होता आणि त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. सरळ मार्गाने जायचं तर ४६३४० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं. त्या आहेत सुमारे ४८००. ऑयलरने दोन चाळण्या लावून त्यांतल्या बहुतेक आधीच गाळून टाकल्या. पहिली चाळणी अशी.

समजा, क या मूळ संख्येने आपल्या संख्येला पूर्ण भाग जातो. मग २च्या ३१व्या घाताला क ने भागल्यावर बाकी १ उरते आणि ३१ मूळ असल्यामुळे त्याआधीच्या कुठल्याही घाताला ती उरत नाही. फर्माचं प्रमेय सांगतं की (क – १)व्या घातालाही बाकी १च. म्हणून क – १ ला ३१ने भाग गेलाच पाहिजे. क विषम, म्हणून ६२नेही.

दुसरी चाळणी मला याहून देखणी वाटते. ३१व्या घाताची बाकी १, तर ३२व्याची २. पण ३२वा घात म्हणजे १६व्या घाताचा वर्ग! बाक्यांच्या हिशेबात २ हा वर्ग ठरला, आणि तसं व्हायला क ला ८ने भागून १ किंवा ७ उरावेच लागतात. दोन्ही अटी जुळवल्या की क ला २४८ने भागल्यावर १ किंवा ६३ एवढ्याच बाक्या शक्य राहतात. पहिला उमेदवार ३११. त्यानंतर थेट १३०३. मधल्या सगळ्या मूळ संख्या बाद. ४८००पैकी उरतात फक्त ८४, आणि त्यांतल्या एकीनेही भाग जात नाही.

या संख्येपासून ऑयलरला १९ अंकी परिपूर्ण संख्या, म्हणजे स्वतःहून लहान भाजकांच्या बेरजेएवढी असलेली संख्या, मिळाली. पीटर बार्लोने १८११ मध्ये लिहिलं की याहून मोठी परिपूर्ण संख्या कुणी शोधणार नाही, कारण तिचा उपयोग काय? तो चुकला : ल्यूकाने १८७६ मध्ये १२७ हा घातांक सर केला. उपयोगाचं म्हणाल, तर ३२ बिटांत चिन्हासह मावणारी सर्वांत मोठी पूर्णांक संख्या हीच, म्हणून जुन्या संगणकांची घड्याळं १९ जानेवारी २०३८ला अडखळणार आहेत.

आता तुमची पाळी. घातांक १३ घ्या : ८१९१. वरच्या दोन चाळण्या लावल्या तर ती मूळ आहे हे ठरवायला एकच भागाकार पुरतो. कोणत्या संख्येने, ते पुढच्या भागाआधी शोधून ठेवा.