वारुळावरची अळिंबी : दोन जातींची ओळख

पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी या भागांतील सागाच्या जंगलांत वारुळांभोवती पांढरी अळिंबी उगवते. विदर्भात तिला सात्या, टेकोडे अशी नावे आहेत. ती वाळवीच्या परिश्रमाचे फळ होय. वाळवी पालापाचोळा व लाकूड वारुळात नेते आणि त्यावर एका विशिष्ट बुरशीची जोपासना करते. वाळवीला सहज न पचणारे काष्ठद्रव्य ही बुरशी विघटित करते व त्यातून वाळवीस अन्न मिळते. या बुरशीच्या 'टर्मिटोमायसीस' प्रजातीची स्थापना फ्रेंच शास्त्रज्ञ रोजे हाइम यांनी 1942 मध्ये केली.

भारतात आढळणाऱ्या तिच्या दोन जातींची तुलना उद्बोधक आहे. 'टर्मिटोमायसीस हाइमाय' ही आकाराने मोठी. तिच्या दांड्यावर कडे असते. दांडा मातीत मुळासारखा निमुळता होत थेट वाळवीच्या बुरशीबागेपर्यंत पोहोचतो. 'टर्मिटोमायसीस मायक्रोकार्पस' मात्र इवलीशी. छत्री साधारणतः एक ते अडीच सेंटिमीटर रुंद. वाळवीने बाहेर आणून टाकलेल्या बुरशीबागेच्या कणांवर ती शेकड्यांनी उगवते. साहजिकच तिला लांब मूळ नसते. दोन्ही खाद्य आहेत.

धोका आहे तो त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या विषारी अळिंबीचा. गवताळ जागी उगवणारी 'क्लोरोफायलम मोलिब्डायटीस' कोवळेपणी पांढरीच दिसते. पुढे तिच्या छत्रीखालील पाकळ्या हिरवट होतात. ती खाल्ल्यास काही तासांत उलट्या व जुलाब सुरू होतात. छत्री रात्रभर कागदावर पालथी ठेवली असता तिच्या बीजाणूंचा ठसा हिरवट, तर वारुळावरच्या अळिंबीचा गुलाबीसर उमटतो. हा प्रयोग शाळेत अवश्य करावा. परंतु केवळ ठसा गुलाबी आला म्हणून अळिंबी खाद्य ठरत नाही. चांदीचे नाणे काळे पडणे किंवा किड्यांनी अळिंबी खाल्लेली असणे, या कसोट्याही निराधार आहेत. काही प्राणघातक जातींची लक्षणे सहा तासांहून अधिक काळाने दिसतात. म्हणून अनोळखी अळिंबी खाऊ नये, आणि विषबाधेची शंका येताच उरलेल्या अळिंबीसह रुग्णास त्वरित रुग्णालयात न्यावे.

धिंगरीप्रमाणे या अळिंबीची व्यापारी लागवड अद्याप साधलेली नाही. वारूळ हेच तिचे शेत आहे. ते खणून उद्ध्वस्त केल्यास पुढील वर्षांचे उत्पन्न बुडते. म्हणून अळिंबी जमिनीलगत कापून घ्यावी व वारूळ राखावे. कोलाम व गोंड बांधवांना जंगलाचा जो पिढीजात परिचय आहे, त्याची जोड देऊन ग्रामपंचायतींनी व शिक्षकांनी पावसाळ्यापूर्वीच गावोगावी ही माहिती पोहोचविल्यास रानातील हे पौष्टिक अन्न टिकेल आणि अजाणतेपणी होणारी विषबाधाही टळेल.