जखडलेले इंजिन उतरविताना

छत्रपती संभाजीनगरातील शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्याखालील गर्दीतून क्वचित एखादी जुनी जीप आजही वाट काढताना दिसते. 1947 पासून महिंद्रांनी मुंबईत विलिज बनावटीची वाहने जोडावयास घेतली, त्याच वंशातली ती. वर्षानुवर्षे उभे राहून अशा गाडीचे पिस्टन सिलिंडरांत गंजून बसले, तर हँडलवर जोर करण्यापूर्वी प्लग काढून त्या छिद्रांतून डिझेलमिश्रित पातळ तेल सोडावे व काही दिवस धीर धरावा, कारण पुष्कळदा गंज एवढ्यानेच सुटतो आणि पुढची सारी जिकीर टळते.

न सुटल्यास बॅटरीच्या तारा सोडवून, पाणी काढून, रेडिएटर व सायलेन्सरचा जोड बाजूला करावा. चारही चाके ओढणाऱ्या गाडीत गिअरबॉक्सच्या पाठीशी ट्रान्सफर केस असते व तिच्यातून पुढेमागे दोन प्रोपेलर शाफ्ट निघतात. हा अवजड संभार उतरविण्याचे मुळीच प्रयोजन नाही. त्याखाली जॅकचा भक्कम आधार द्यावा, बेलहाउसिंगचे व माउंटिंगचे बोल्ट काढावेत आणि चेनपुलीला टांगलेले, दीडशे किलोंहून जड इंजिन, गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लचप्लेटीतून पूर्ण निसटेपर्यंत, सरळ पुढेच ओढावे. तत्पूर्वी ते वर उचलले वा शाफ्टवर लोंबू दिले, तर क्लचप्लेट वाकते. टांगलेल्या इंजिनाखाली क्षणभरही कोणास हात घालू देऊ नये, ही ताकीद मी आवर्जून देतो.