हेड गॅस्केट उडालं : जुना डिझेल ट्रक आणि थांबायची वेळ

म्हैसूरहून बोलतोय.

आजचा विषय जुन्या डिझेल ट्रकवाल्यांचा, त्यातही एकाच गाडीवर घर चालवणाऱ्यांचा. टाटा ४०७ असो, १२१० असो, जुनी लेलँड असो, 'हेड गॅस्केट उडालं' असं मिस्त्री म्हणाला की मालकाच्या पोटात गोळा येतो. पण खरं सांगतो, गॅस्केट स्वतः फार महाग नसतं. ते गेल्यावर जे दहा-वीस किलोमीटर आपण गाडी रेटतो, ते महाग पडतात.

गॅस्केट करतं काय?

खाली ब्लॉक, वर हेड आणि मध्ये हे पातळ गॅस्केट. त्याला तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवायच्या असतात : सिलिंडरमधला जळता वायू, थंड करणारं पाणी आणि वंगणाचं ऑईल. टाटाच्या ६९७ इंजिनच्या नावातच हिशोब आहे. सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. ४०७ च्या जुन्या ४९७ इंजिनचंही तसंच, फक्त सिलिंडर चार. ९७ मिलिमीटर व्यासाचं क्षेत्रफळ होतं सुमारे ७४ चौरस सेंटिमीटर. जळताना दाब दर चौरस सेंटिमीटरला ८० किलो धरला, तर एक सिलिंडर हेडला जवळजवळ सहा टनांनी वर ढकलतो. इंजिन २००० फेऱ्यांवर असेल तर मिनिटाला हजार वेळा. हे सगळं बोल्ट आणि गॅस्केट सहन करतात. हेड सपाट आहे आणि बोल्टचा ताण सारखा आहे, तोवरच.

मग उडतं का?

बहुतेक वेळा कारण एकच, उष्णता. इंजिन तापलं की हेड वाकतं, गॅस्केटवरचा दाब एका जागी कमी होतो आणि वायू तिथून वाट काढतो. तापण्याची कारणं साधी असतात. बोअरच्या जड पाण्याने रेडिएटरमध्ये क्षार साचतात. फॅनबेल्ट सैल पडतो. वॉटर पंप थकतो. थर्मोस्टॅट कुणीतरी काढून फेकलेला असतो. आणि रेडिएटरचं टोपण दाब धरत नाही.

टोपणाचं महत्त्व घाटात कळतं. पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांवर उकळतं. म्हैसूर साधारण साडेसातशे मीटर उंचीवर, इथे ते साडेसत्त्याण्णवच्या आसपास उकळतं. उटी सुमारे २२४० मीटरवर, तिथे ब्याण्णव-त्र्याण्णवला. दाब धरणारं टोपण हा आकडा पुन्हा वर नेतं. टोपणाचं रबर गेलं असेल तर माल भरलेली गाडी नेमकी चढावर उकळते. आंबोली, खंबाटकी, कसारा, कुठलाही घाट घ्या, गणित तेच.

ओळखायचं कसं?

इंजिन पूर्ण थंड असताना टोपण काढा, पाणी काठोकाठ भरा आणि गाडी सुरू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले तर वायू पाण्यात शिरतोय. गार इंजिन सुरू केल्यावर लगेच रेडिएटरचा पाइप दगडासारखा कडक होत असेल, तर तीही तीच खूण. ऑईल डिपस्टिकवर दुधाळ चहासारखं दिसणं, गाडी गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरी वाफ येत राहणं, बाहेर गळती नसताना पाणी कमी होणं, शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम मिस होणं, ही बाकीची लक्षणं.

पण हेड उघडायच्या आधी तीन संशयित तपासा. पहिला, ब्रेकचा एअर कंप्रेसर. बऱ्याच ट्रकमध्ये तो इंजिनच्याच पाण्याने थंड होतो. त्याचं गॅस्केट गेलं तर तो हवा पाण्यात ढकलतो आणि बुडबुडे अगदी तसेच दिसतात. हवेची टाकी भरून कंप्रेसर भार सोडतो, तेव्हा बुडबुडे थांबले तर दोष तिकडे आहे. दुसरा, ऑईल कूलर. तो आतून फुटला तरी पाण्यात ऑईल दिसतं. तिसरा, ओल्या लायनरच्या रबरी रिंगा. त्या गेल्या तर पाणी थेट चेंबरमध्ये उतरतं. ही तपासणी अर्ध्या दिवसाची, चुकीचं हेड खोलणं आठवड्याचं.

रस्त्यात झालं तर?

म्हैसूरहून उटीकडे किंवा वायनाडकडे जाणारे गुंडलुपेटवरून जातात. पुढे बंडीपूरचं जंगल. तिथे रात्री नऊ ते सकाळी सहा वाहतूक बंद असते आणि जंगलात गाडी उभी करायला मनाई आहे. म्हणून काटा वर चढलेला दिसला की निर्णय गुंडलुपेटलाच घ्यायचा. फाटक बंद व्हायच्या आत पार करू, या घाईत बरेच जण काटा बघायचंच टाळतात. माल उशिरा पोचला तर भाडं कापलं जाईल, मान्य. हेड तडकलं तर महिन्याची भाडी जातील.

काटा चढतोय पण पाणी अजून आहे, तर गाडी बाजूला घेऊन दोन-तीन मिनिटं न्यूट्रलमध्ये हळू चालू ठेवा, मग बंद करा. पाणी संपलंय, वाफ निघतेय, तर ताबडतोब बंद. चाकाला ओट लावा. गरम रेडिएटरचं टोपण कुणालाही, विशेषतः क्लीनर पोराला, उघडू देऊ नका. उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं की हेडला तडा जातो. आणि बंद इंजिनवर उतारावर गाडी सोडायची नाही. कंप्रेसर थांबलेला असतो, टाकीतली हवा ब्रेक मारत गेलं की संपते.

हळद, पावडर वगैरे रेडिएटरच्या बारीक भोकाला कधीकधी चालून जाते. सहा टनांच्या धक्क्यापुढे हळद काय करणार? उलट रेडिएटरच्या नळ्या तुंबतात.

आणखी एक. गाडी रात्रभर उभी राहिली आणि पाणी सिलिंडरमध्ये उतरलं असेल, तर सकाळी स्टार्टर मारू नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी नोझल काढा, इंजिन हाताने फिरवा, पाणी बाहेर येऊ द्या.

गॅरेजमध्ये काय पाहायचं?

मालकाने समोर उभं राहावं. हेडचे बोल्ट गार इंजिनवर, बाहेरून आत अशा क्रमाने सैल करायचे. हेड आणि ब्लॉक दोन्हींवर सरळ पट्टी ठेवून फिलर गेजने वाक मोजायचा. मर्यादा मॅन्युअलमध्ये असते. फेसिंग करण्याआधी हेडची पाण्याच्या दाबाने तपासणी करून घ्या, तडकलेलं हेड घासून उपयोग नाही. डिझेलचं हेड वाटेल तितकं घासता येत नाही, कारण व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातलं अंतर कमी होतं. काही हेड घासायला कंपनीची परवानगीच नसते. लायनर आणि पिस्टन किती वर येतात, तेही मोजायला सांगा.

जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते कोरडं घासू नये. ओलं करून खरवडावं, धूळ फुंकू नये.

बोल्टची भोकं कोरडी हवीत. आत ऑईल राहिलं तर बोल्ट आवळताना ब्लॉकला तडा जाऊ शकतो. आवळायचं मधून बाहेर, तीन-चार टप्प्यांत, टॉर्क रेंचने. 'हाताला अंदाज आहे' हे कितीही जुन्या मिस्त्रीकडून ऐकू नका. मग टॅपेट, नवं ऑईल, नवा फिल्टर, आणि नुसत्या पाण्याऐवजी कूलंट. ऑईलमध्ये पाणी गेलं होतं तर बेअरिंगही पाहा. मॅन्युअल सांगत असेल तर ठरलेल्या अंतरानंतर बोल्ट पुन्हा आवळा. आणि गाडी तापली का, याचं उत्तर मिळाल्याशिवाय बिल देऊ नका. नाहीतर नवं गॅस्केटही त्याच वाटेने जाईल.

फौजेत गाडी निघायच्या आधी 'फर्स्ट परेड' असते, वाटेत थांबल्यावर 'हॉल्ट परेड' आणि परतल्यावर 'लास्ट परेड'. पाणी, ऑईल, बेल्ट, टायर, गळती. पाच मिनिटांचं काम. शक्तिमानसारखे ट्रक डोंगरात वर्षानुवर्षं चालले, त्यात या पाच मिनिटांचा वाटा मोठा होता. तुमच्या गाडीला ती पाच मिनिटं द्या.

पुढच्या भागात रेडिएटर आतून साफ करण्याबद्दल बोलू. जय हिंद.