चेहऱ्याच्या आचक्यावरील शस्त्रक्रिया आणि स्नायुशिथिलके

डोळा लवला की आपल्याकडे शुभाशुभ पाहतात. परंतु काहींचा एकच डोळा महिनोन्‌महिने लवत राहतो. पुढे त्याच बाजूचा गाल व ओठाचा कोपराही ओढला जातो, आणि झोपेतही सुटका नसते. वैद्यक त्याला हेमिफेशियल स्पॅझम म्हणते. चेहऱ्याचा मज्जातंतू मेंदूच्या बुंध्यातून जेथे बाहेर पडतो तेथे एखादी रोहिणी त्याला खेटून ठोक्यागणिक डिवचीत असते, हे त्याचे बहुधा कारण. कानामागे कवटीला लहान छिद्र पाडून ती रोहिणी दूर सारावयाची आणि मध्ये टेफ्लॉनची गादी ठेवावयाची, ही शस्त्रक्रिया पिट्सबर्गच्या पीटर जॅनेटा यांनी रूढ केली.

परंतु रोहिणी पुरेशी दूर झाली, हे निद्रिस्त रुग्णाच्या बाबतीत ओळखावे कसे? १९८०च्या दशकात जॅनेटा व त्यांचे सहकारी मोलर यांनी एक खूण हाती दिली. डोळ्याकडे जाणाऱ्या शाखेला सौम्य विद्युत्‌स्पर्श केला असता निरोगी माणसाची हनुवटी स्वस्थ राहते. या रुग्णांची मात्र सुमारे १० सहस्रांश सेकंदांत प्रतिसाद देते. दाब हटताच हा प्रतिसाद पुष्कळदा तत्क्षणी मावळतो.

येथेच भूलतज्ज्ञाचा पेच सुरू होतो. (‘भूल’ या एकाच शब्दाला आपण चूक आणि बेशुद्धी असे दोन्ही अर्थ दिले आहेत, भूलतज्ज्ञांना हा श्लेष फारसा रुचत नसावा.) स्नायुशिथिलकांचे मूळ दक्षिण अमेरिकेतील बाणांचे विष, क्युरारे. मॉन्ट्रियलच्या हॅरॉल्ड ग्रिफिथ यांनी १९४२मध्ये ते शस्त्रक्रियागृहात आणले. आजची व्हेक्युरोनियम, रोक्युरोनियम ही औषधे त्याच रीतीने चालतात. मज्जातंतू ॲसिटिलकोलिन या रसायनाकरवी स्नायूला निरोप धाडतो; औषध स्नायूवरील त्याची जागाच बळकावून बसते. मज्जातंतू धडधाकट, निरोपही निघालेला. पण दार बंद.

मग हनुवटी गप्प झाली ती रोहिणी हटल्यामुळे की औषधामुळे? पडद्यावरील रेघ दोन्ही वेळा सारखीच सपाट. फसलेला शस्त्रवैद्य रोहिणी जागच्या जागी ठेवून कवटी बंद करील. उलट, शिथिलक मुळीच न द्यावे, तर डोके खिळ्यांच्या चौकटीत आवळलेले आणि उपकरणे मेंदूच्या बुंध्याशी; अशा वेळी एक खोकलाही महागात पडावयाचा.

म्हणून काही जण श्वासनलिकेत नळी घालण्यापुरती मात्रा देतात, ती ओसरू देतात, आणि प्रोपोफॉल व रेमिफेंटानिल यांनी निद्रा गाढ राखतात. काही जण शिथिलकाची बारीक धार चालू ठेवतात आणि मनगटाशी अर्ध्या अर्ध्या सेकंदाने चार विद्युत्‌स्पर्श करून अंगठा किती वेळा हलतो ते मोजतात. ही मोजणी १९७०पासूनची. माझ्या मते मात्रेच्या आकड्याहून तिच्या स्थिरतेला महत्त्व अधिक. रोहिणी हलविण्यापूर्वीची नोंद आणि नंतरची नोंद एकाच पातळीवर घेतलेली नसेल, तर त्यांची तुलना व्यर्थ होय.

शेजारच्या श्रवणतंतूला हा अडसर नाही. त्याच्या रक्षणासाठी कानात टकटक ऐकवून मेंदूच्या बुंध्यातील लहरी टिपतात. त्या वाटेवर स्नायूच नसल्याने शिथिलकाचा तेथे उपद्रव होत नाही.

रोहिणी दूर सारूनही काही रुग्णांत हनुवटीचा प्रतिसाद रेंगाळतो, आणि तरीही पुढे काही आठवड्यांनी वा महिन्यांनी त्यांचा आचका थांबतो. अशा वेळी आणखी शोधावे की थांबावे, हे शस्त्रवैद्याला सूक्ष्मदर्शकातून पाहूनच ठरवावे लागते.