केसांची चौकट आणि पिवळी रेषा

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक असलेल्या फ्रान्सिस हॉपकिन्सन या गृहस्थाने एके संध्याकाळी रेशमी हातरुमाल डोळ्यांसमोर ताणून रस्त्यावरील दिव्याकडे पाहिले, तेव्हा रुमालाच्या धाग्यांहून पुष्कळच जाड अशा काळ्या पट्ट्या त्यास दिसल्या, आणि रुमाल इकडेतिकडे सरकविला तरी त्या पट्ट्या जागच्या हलेनात. हे कोडे त्याने १७८५ साली फिलाडेल्फियातील आपला स्नेही, घड्याळे व दुर्बिणी घडविणारा डेव्हिड रिटनहाउस, याच्याकडे पत्राने पाठविले. रिटनहाउसने दोन बारीक स्क्रूंच्या आट्यांमध्ये सुमारे पन्नास केस एकमेकांस समांतर असे ताणून अर्ध्या इंचाची एक चौकट तयार केली, तीतून खिडकीच्या अरुंद फटीकडे पाहिले, आणि मूळ फटीच्या दोन्ही बाजूंस रंगीत फटींची रांग उभी राहिलेली त्यास दिसली. शिवाय, लोलकात जांभळा रंग अधिक वळतो, तर येथे तांबडा अधिक वळतो, हेही त्या चतुर कारागिराच्या ध्यानात आले.

पदार्थाच्या पृथक्करणाचे वर्णपटदर्शक नावाचे जे साधन पुढे रसायनशास्त्राचा आणि ज्योतिषाचा कणा ठरले, त्याचा एक पूर्वज असा केसांचा होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. बव्हेरियातील भिंगे घडविणारा योसेफ फ्राउनहोफर याने १८१४ साली सूर्याच्या वर्णपटातील ५७४ काळ्या रेषा मोजल्या आणि १८२१ साली रिटनहाउसप्रमाणेच स्क्रूंवर, परंतु केसांऐवजी बारीक तारा ताणून, प्रकाशाची तरंगलांबी मोजली. हायडेलबर्ग येथे किर्खहोफ आणि बुन्सेन या शास्त्रज्ञांनी १८६० साली वर्णिलेले उपकरण म्हणजे आतून काळा केलेला एक खोका, दोन लहान दुर्बिणी आणि कार्बन डायसल्फाइडने भरलेला पोकळ लोलक, एवढाच काय तो सरंजाम होता. परंतु तेवढ्यावर त्यांनी ड्यूर्कहाइमच्या झऱ्याच्या पाण्यात, पूर्वी कोणास ठाऊक नसलेले सीझियम हे मूलद्रव्य त्याच्या वर्णपटातील रेषांवरून हुडकले. अर्थात ते हाती येण्याइतके वेगळे काढण्यास सुमारे चाळीस टन पाणी आटवावे लागले.

आज घरी असे साधन करू पाहणाऱ्यास केस ताणीत बसावयाची गरज नाही, कारण अडगळीत पडलेल्या सीडीवर सर्पिल खाचांची जी वेटोळी असतात त्यांचे परस्परांतील अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सुमारे दीडपट, काटेकोरपणे सांगावयाचे तर १.६ मायक्रोमीटर, असते. म्हणजे एका मिलिमीटरात ६२५ खाचा येतात. सीडीच्या छापील बाजूवर ओरखडा काढून चिकटपट्टीने धातूचा पापुद्रा उचलून टाकला की खाली, केसांच्या चौकटीचेच काम करणारे, खाचांचे पारदर्शक जालक उरते. खाचा वर्तुळाकार असल्याने त्यांचा बाक रेषांना वाकवितो, म्हणून तुकडा बाहेरच्या कडेजवळचा आणि लहान घ्यावा, व तो पुठ्ठ्याच्या खोक्यात अशा रीतीने बसवावा की खाचा प्रकाश आत घेणाऱ्या फटीस समांतर राहतील. खोका आतून काळा करणे हे काम क्षुल्लक समजून पुष्कळजण टाळतात, आणि मग भिंतींवरून परावर्तित होणारा उजेड सूक्ष्म रेषा गिळून टाकतो.

सगळ्या उपकरणाचे इमान मात्र फटीत आहे. दाढीच्या पात्याचे दोन तुकडे धारेस धार लावून चिकटविले म्हणजे फट तयार होते. ती एक दशांश मिलिमीटर रुंद असेल आणि जालकापासून वीस सेंटिमीटरवर असेल, तर पिवळ्या प्रकाशाची रेषा वर्णपटात पाऊण नॅनोमीटर जाडीची पडते, आणि तीच फट घाईने एक मिलिमीटर ठेविली तर रेषा सात नॅनोमीटरांहून अधिक पसरते. हा हिशेब ध्यानात असू द्यावा, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे.

जालकामागे संगणकाचा साधा कॅमेरा लाविला की वर्णपट पडद्यावर उमटतो. परंतु उमटलेल्या चित्रात अमुक जागी अमुक तरंगलांबी, असे म्हणण्याचा अधिकार उपकरणास अद्याप प्राप्त झालेला नसतो. मोजणीदार गावात आला की जमिनीवर साखळी टाकण्यापूर्वी जुने हद्दीचे दगड शोधतो, तसे येथे प्रथम ज्ञात रेषा शोधाव्या लागतात. वीज वाचविणाऱ्या, पाऱ्याची वाफ असलेल्या छोट्या नळीदिव्यात त्या आयत्या मिळतात: जांभळट निळी ४३५.८ नॅनोमीटरवर, हिरवी ५४६.१ वर, आणि दिव्याच्या लेपातील युरोपियममुळे येणारी तांबडी ६११ च्या आसपास. यांवरून प्रमाणपट्टी आखून झाली की स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीत मिठाची चिमूट धरावी. मिठातील सोडियमची पिवळी रेषा ५८९ वर आली तर पट्टी कबूल करावी; ती ५९५ वर दिसली तर दोष मिठाचा नसून आपल्या आखणीचा आहे, आणि सगळी शहानिशा पुन्हा पहिल्यापासून केली पाहिजे. विकत घेतलेल्या यंत्रात ही पडताळणी कारखान्यात उरकलेली असते, आणि त्यामुळे मापनाचा सर्वांत शिकविणारा भाग वापरणाऱ्याच्या दृष्टीआड राहतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन-चार नॅनोमीटरांसाठी एवढा आग्रह कशासाठी, असे कोणी म्हणेल, तर त्यास १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण दाखवावे. त्या दिवशी पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात मोजणीखात्यातील अधिकारी जॉन हर्शेल आणि गुंटूरला फ्रेंच ज्योतिषी जान्सेन सूर्याकडे वर्णपटदर्शक रोखून होते. सूर्यबिंबाच्या कडेवरील ज्वालांत तेजस्वी रेषा दिसल्या, आणि त्यांतील पिवळी रेषा सोडियमची समजली गेली. पुढे २० ऑक्टोबरला इंग्लंडच्या युद्धखात्यातील कारकून नॉर्मन लॉकयर याने, कचेरीची नोकरी सांभाळून घरी बसविलेल्या दुर्बिणीस नवा वर्णपटदर्शक जोडून, ग्रहणावाचूनच त्या ज्वाला पाहिल्या, आणि ती पिवळी रेषा सोडियमच्या ५८९.० व ५८९.६ या जोडीशी जुळत नाही, ती हिरव्याच्या बाजूस सरकलेली आहे, हे निश्चित केले. आजच्या मापात ते स्थान ५८७.६ नॅनोमीटर आहे, आणि ती रेषा हेलियमची आहे. पृथ्वीवर हा वायू रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅमसेला एका खनिजात सापडावयास १८९५ साल उजाडले. आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून ओळखले जाणारे चौथरे दाखवून लॉकयरने तेथूनच हेलियम शोधला असे सांगतात. परंतु त्या ग्रहणाच्या दिवशी तो इंग्लंडात होता, आणि हिंदुस्थानात ग्रहण पाहावयास तो प्रथम १८७१ साली आला. शोधाचे श्रेय किल्ल्याच्या उंचीस नसून दीड नॅनोमीटरच्या भेदास आहे, आणि वर सांगितलेल्या पाऊण नॅनोमीटरच्या फटीने तेवढा भेद तत्त्वतः घरच्या खोक्यातही दिसू शकतो. मिलिमीटरभर फटीच्या खोक्यात दोन्ही रेषा एकच होऊन जातील. फ्राउनहोफरच्या ठळक काळ्या रेषाही याच खोक्यात दिसतात. मात्र फट सूर्याकडे कदापि न रोखता उजळ आकाशाकडे किंवा उन्हातील पांढऱ्या कागदाकडे धरावी.

रेषेचे स्थान असे उपकरण विश्वासाने सांगते. पदार्थाचे प्रमाण सांगणे त्याहून कठीण. पाण्यातील नायट्रेट मोजावयाचे तर आधी त्याचे नायट्राइट करावे लागते, मग अभिक्रियेने गुलाबी रंग आणावा लागतो, आणि हिरवा प्रकाश त्या रंगात किती शोषला जातो हे प्रकाशमापक डायोडने पाहावे लागते. त्याआधी प्रमाण ठाऊक असलेले पाच-सहा द्राव स्वतः करून त्यांचा आलेख काढलेला असला पाहिजे. द्राव करताना वजनात झालेली चूक पुढील प्रत्येक आकड्यात उतरते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि तीजवळचा आकडा घरी निघाला तर त्यावरून पाणी योग्य किंवा अयोग्य असल्याचा दाखला कोणी देऊ नये. परंतु गावातील विहिरींपैकी कोणत्या विहिरीचा नमुना जिल्हा प्रयोगशाळेकडे सर्वांत आधी धाडावा, एवढे त्यावरून निश्चित ठरविता येते, आणि शाळेतील मुलांनी हे काम पावसाळ्यापूर्वी एकदा व नंतर एकदा केले तर नमुन्यांबरोबर त्यांच्या नोंदींची वहीही प्रयोगशाळेस पाठवावी.