सातेरीचा सहकार

महाबळेश्वरच्या पठारावर आणि खालच्या जावळीच्या खोऱ्यात कोंबडी ही घरधनिणीची खासगी मिळकत समजली जाते. आणि जिच्यापाशी चार कोंबड्या आहेत तिने त्यांतील एक गरजू शेजारणीला वाट्याने द्यावी, शेजारणीने ती खुडूक बसल्यावर तिच्याखाली अंडी घालावीत, मुंगसापासून आणि घारीपासून पिले सांभाळावीत व वाढलेली पिले दोघींनी निम्मी निम्मी वाटून घ्यावीत, ही महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतली जुनी वहिवाट आहे. या वहिवाटीला ना दफ्तर लागले ना करारनामा. तरीही तिच्यातून या डोंगरात कोंबड्यांची नाव घेण्याजोगी सहकारी संस्था उभी राहिली नाही, आणि माझ्या मते त्याचे कारण सरळ आहे: दिवसभर उकिरडा उकरून सांजेला आपल्याच खुराड्यात परतणाऱ्या प्राण्याच्या संगोपनाला दोन शेजारणींचा विश्वास पुरतो. सहकाराची खरी निकड भासली ती जिचे चराऊ कुरण कोणाच्याच मालकीचे नाही अशा मधमाशीच्या बाबतीत.

पूर्वी या रानांतला मध म्हणजे लूट होती. झाडाच्या ढोलीत किंवा दगडांच्या कपारीत सातेरी माशीचे पोळे हेरायचे, धूर करून माशा उठवायच्या आणि मधाबरोबर अंडी-अळ्यांसकट सारे पोळे पिळून काढायचे. वसाहत वाचते की मरते याची पृच्छा करण्याचा प्रघात नव्हता. १९४६ च्या सुमारास तत्कालीन मुंबई सरकारच्या ग्रामोद्योगाच्या योजनेतून महाबळेश्वरी मधमाशीपालनाचे कार्य सुरू झाले आणि लाकडी पेटी, सुट्या चौकटी व पोळे न मोडता मध काढणारे हातयंत्र ही त्रयी खेडुतांच्या हाती आली. पेटीत खाली पिलांचा कोठा आणि वर मधाचा कोठा. मध काढायचा तो वरचा, आणि रिकामे पोळे माशांना परत द्यायचे. एवढ्या एका सुधारणेने लुटारूचा पालक झाला.

परंतु पालक होणे खर्चाचे काम आहे. सातेरीची वसाहत वर्षाकाठी काही किलोच मध देते, आणि दोन-चार पेट्यांच्या धन्याला यंत्र परवडत नाही, मध गाळून टिकाऊ करण्याची सोय नसते व मुंबई-पुण्याच्या बाजारात त्याला कोणी विचारत नाही. महाबळेश्वरच्या मध उत्पादकांची सहकारी सोसायटी जन्मास आली ती या अडचणींतून. पेटी ज्याची त्याची राहिली. मध मात्र एकत्र जमा होऊन, प्रक्रिया होऊन ‘मधुसागर’ या नावाने विकला जाऊ लागला. सामायिक काय करावे आणि खासगी काय ठेवावे याचा असा नेमका विवेक आपल्या सहकारी चळवळीत फार थोड्या ठिकाणी दिसतो, हे येथे नमूद करणे मला आवश्यक वाटते.

संगोपनाची खरी कसोटी पावसाळ्यात लागते. पाच-सहा हजार मिलीमीटर पाऊस ज्या पठारावर कोसळतो तेथे जूननंतर आठवडेच्या आठवडे माशीला उड्डाण अशक्य होते. तेव्हा साखरेचा पाक पाजावा लागतो, पेटीत ओल शिरू द्यायची नसते, आणि वसाहत दुबळी झालीच तर मेणकिडा पोळी पोखरून टाकतो. एखाद्याची वसाहत उठून गेली तर दुसऱ्याला आपली सशक्त वसाहत विभागून त्याला पुन्हा उभे करता येते. कोंबडीच्या वाट्याचेच हे धोरण, फक्त निराळ्या जीवाला लावलेले. उन्हाळ्यात जांभूळ, हिरडा, गेळा यांचा फुलोरा. आणि कित्येक वर्षांच्या अंतराने कारवी किंवा व्हायटी डोंगरभर फुलली, तर त्या सालचा मध लोक वर्षानुवर्षे आठवतात.

१९५० नंतरच्या दशकात महाबळेश्वरच्या प्रयोगशाळेत मधातील परागकण तपासून कोणत्या वनस्पतींचा मध कोणता हे ठरविण्याचे मोलाचे काम झाले, आणि १९६२ मध्ये पुण्यास केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था निघाली. या शास्त्रीय बाजूचे ऋण मोठे आहे, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय होय.

पुढे काळ पालटला. २००१ मध्ये महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला, आणि वृक्षतोडीवर आलेल्या निर्बंधांनी काहींची गैरसोय केली तरी माशीचे कुरण राखले. भिलार २०१७ मध्ये पुस्तकांचे गाव झाले, त्यानंतर २०२२ मध्ये मांघर हे देशातील पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. अशा बिरुदांचा मला एरवी कंटाळा येतो. तथापि ज्या गावातील बहुसंख्य घरे आधीपासून पेट्या सांभाळत होती, त्या गावाला बिरुद मागाहून मिळाले, हा क्रम तरी योग्य म्हटला पाहिजे.

आज नवा तंटा स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांत उभा आहे. स्ट्रॉबेरीला सुडौल फळ धरण्यास माशी हवी, आणि त्याच पिकावर मारलेल्या औषधाने माशी मरते. बागाइतदार आणि मधपाळ पुष्कळदा एकाच गावचे, क्वचित एकाच घरातले. परंतु औषध कोणत्या प्रहरी मारावे हे मधाच्या सोसायटीला ठरविता येत नाही, कारण शेत तिच्या कक्षेत येत नाही. म्हणून माशा पेटीत परतल्यावर, सांजावल्यानंतर फवारावे, आणि आदल्या दिवशी मधपाळास निरोप धाडावा म्हणजे तो पेट्या बंद करील किंवा हलवील, एवढीच तडजोड तूर्त शक्य आहे; आणि तीही ज्या शिवारात माणसे एकमेकांशी बोलतात तेथेच पाळली जाते.